जळगावातली खाडी

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं खूप हसलात. धाकटीने विचारलं, "आजी, तू समुद्राच्या डिपार्टमेंटमध्ये जातेस म्हणजे कुठे जातेस? जळगावला समुद्र आहेच कुठे?" थोरल्याने लगेच नकाशा उघडला आणि आमच्यापासून जवळात जवळचा किनारा रेल्वेने निम्म्या दिवसावर आहे हे सिद्ध केलं. तेवढ्यात तुमच्या शाळेची वेळ झाली आणि माझं उत्तर राहून गेलं. तुमच्या खिडकीतून समुद्र दिसतो, तेव्हा तुमचं हसणं रास्तच होतं.

ते उत्तर आता लिहून पाठवते. पुढच्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा आहे. त्यानंतर काही आठवडे लिहिणं-वाचणं बंद राहील. शिवाय विभागातल्या खोलीची किल्ली मी परवाच परत केली. तिथलं काम संपलं आहे, पण आठवणी अजून जागच्या जागी आहेत, तोवर लिहिलेलं बरं. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण यातली माणसं माझ्याशी मराठीत आणि खानदेशीत बोलली. जिथे अडेल तिथे आईला विचारा.

धुळ्याच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यावर तुमचे आजोबा आणि मी जळगावला राहायला आलो. आजोबा गेले त्या वर्षी माझी दिनचर्या इतकी व्यवस्थित होती की तिच्यात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. सकाळी आठला घर आवरून व्हायचं, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत मी रिकामी. अशात शेजारच्या बाईंनी निरोप आणला की विद्यापीठातल्या एका सरांना प्रबंधांचं इंग्रजी तपासायला कुणीतरी हवं आहे. मी गेले. टेकडीवरच्या त्या इमारतीत तळमजल्याच्या टोकाला पाटी होती, त्यावर सागरी आणि किनारी विज्ञान असं लिहिलेलं होतं. पाटीखाली कुत्रं झोपलं होतं आणि समोरच्या मैदानातून फुफाटा उडत होता. तुमच्यासारखीच मीही मनात हसले.

सर मूळचे पारोळ्याजवळच्या एका खेड्यातले. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी. झाल्यावर. किनाऱ्यावरच्या मोठ्या संस्थेत बरीच वर्षं काम करून ते परत आले होते. त्यांना पहिल्याच दिवशी मी तुमचा प्रश्न विचारला. इथे समुद्र नाही, मग हा विभाग इथे का?

ते म्हणाले, "मॅडम, समुद्राला जळगावची गरज आहे की नाही ते मला माहीत नाही. पण आमच्या विभागात बारा मुली आहेत. त्यांतल्या दहाजणींना घरच्यांनी गोव्याला पाठवलं नसतं. जळगावला पाठवलं, कारण दर शनिवारी एस.टी.ने घरी जाता येतं. मुली समुद्रापर्यंत जाऊ शकत नाहीत, म्हणून आम्ही समुद्र कॅनमध्ये भरून आणतो."

हे ते थट्टेने म्हणाले असं मला वाटलं होतं. महिन्याभराने कळलं की खरंच कॅनमध्ये भरून आणतात.

या विभागात काय चालायचं ते थोडं सांगते. समुद्राच्या आणि खाड्यांच्या चिखलात, पाण्यात डोळ्यांना न दिसणारं एकपेशी शेवाळ असतं. त्यातल्या एका प्रकाराला डायाटम म्हणतात. हा जीव स्वतःभोवती काचेची डबी बनवतो आणि त्या डबीत राहतो. त्याचा रंग सोनेरी तपकिरी. कालवं, कोळंबीची पिल्लं यांचं हे पहिलं अन्न. आपण बाळाला भाताची पेज देतो तसं. कोणत्या खाडीतला कोणता डायाटम कोणत्या पिल्लाला मानवतो, हे सरांचे विद्यार्थी शोधत होते. किनाऱ्यावर कालवं पाळणाऱ्या बायकांचे गट आहेत. त्या कालवांची पिल्लं लहानपणीच मरायची. त्यांना योग्य खाद्य मिळावं हा या सगळ्याचा उद्देश होता. मी इंग्रजी तपासता तपासता हे शिकले. एका वाक्याचा अर्थ लागला नाही की उठून विचारायला जायचे, आणि तिथली मुलं-मुली मला सूक्ष्मदर्शकापाशी नेऊन बसवायची. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत इतक्या मनापासून मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

त्यांतली एक मुलगी रावेरकडची होती. घरी केळीच्या बागा. वडिलांनी पीएच.डी.ला परवानगी दिली ती नीट मोजून, चार वर्षांची. पुढे लग्न. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तक्रार म्हणून नाही, वेळापत्रक म्हणून. तिचं वेळापत्रक माझ्यापेक्षाही पक्कं असायचं, म्हणून आमचं जमलं. प्रयोगशाळेतले मदतनीस नाना मला अक्का म्हणायचे. त्यांचं ऐकून तीही अक्काच म्हणू लागली.

एकदा मी त्यांच्याबरोबर पाणी आणायला गेले होते. आम्ही भल्या सकाळच्या गाडीने निघालो आणि दुपारनंतर गुजरातच्या बाजूच्या एका खाडीवर पोचलो. ओहोटी होती. पाणी नव्हतंच, करड्या चिखलाचं माळरान होतं आणि त्यात काठ्यांसारखी तिवराची मुळं वर आलेली. मुलीने सलवार गुडघ्यापर्यंत बांधली आणि सरळ चिखलात शिरली. दोन पावलांत मांडीपर्यंत रुतली. काठावर टोपल्या घेऊन दोन कोळणी बसल्या होत्या. ही कुठली, घरी काय पिकतं ते त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. त्यांतली एक म्हणाली, "केळीवालीला चिखलात कशाला घालता? भाकरी करायला शिकवा तिला." ही चिखलातूनच म्हणाली, "येते मला भाकरी. तुम्ही केळीचे वेफर करून दाखवा." दोघी इतक्या हसल्या की मग त्यांनीच तिला फळकुटावर पोट टेकून चिखलात सरकायचं कसं ते दाखवलं. त्या दिवशी तिने ज्या चिखलाचा पिवळसर थर खरवडून आणला, त्यातूनच तिचा डायाटम निघाला.

परतीच्या गाडीत आमचे पाच कॅन दाराजवळ ठेवले होते. दोंडाईच्याला एक व्यापारी चढले. कॅनला अडखळले, मग वास घेतला.

"काय माल आहे?"

"समुद्राचं पाणी," सर म्हणाले.

"गुजरातेतून विकत आणलं?"

"फुकट मिळालं."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि आमच्या बाजूला बसले. अमळनेर येईपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं की यातून मीठ किती निघेल आणि एवढ्या मेहनतीला ते परवडेल का. उतरताना सरांना म्हणाले, "साहेब, दुसरा धंदा बघा." सरांनी हात जोडून मान हलवली.

त्या खाडीच्या पाण्यावर आणि चिखलावर मुलीने तीन वर्षं काम केलं. चिखलातून एकेक पेशी वेगळी करायची, तिला निर्जंतुक पाण्यात वाढवायचं, पुन्हा वेगळी करायची. शेवटी तिच्या हाती असा एक डायाटम लागला की तो खाल्लेली कालवांची पिल्लं जगत होती. आणि त्याच वर्षी बातमी आली की खाडीच्या त्या तोंडावर रस्त्यासाठी भराव पडला आहे. सर स्वतः जाऊन पाहून आले. मोबाईलवर फोटो दाखवला. मुरूम, रोलर आणि सपाट जमीन. म्हणजे आता त्या जातीचे त्या जागचे डायाटम जगात एकाच ठिकाणी उरले होते, जळगावच्या टेकडीवर, तळमजल्यावर, डाव्या हाताच्या तिसऱ्या खोलीत. त्यांचा एक राखीव जोड थंड कपाटात जपून ठेवला होता. एप्रिलमध्ये कपाटाचा कॉम्प्रेसर जळाला आणि ते गेले. मुलीने घाईने उरलेल्या फ्लास्कमधून बारा नवे फ्लास्क भरले. बाराही वाढीला लागले, आणि त्याच वेळी तिला महिन्याभरासाठी किनाऱ्यावरच्या एका संस्थेत मोठ्या सूक्ष्मदर्शकावर काम करायची तारीख मिळाली. ती तारीख पुन्हा वर्षभर मिळणार नव्हती.

"अक्का, तुम्ही बघाल?" तिने विचारलं. "रोज सकाळी दहाला. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. बाकीचे परीक्षेत आहेत, आणि तुमच्याइतकं नीटनेटकं कुणी नाही."

मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

तिने मला आठ दिवस शिकवलं. हात स्पिरिटने पुसायचे. बर्नर लावायचा. फ्लास्कच्या तोंडाचा कापसाचा बोळा दोन बोटांत धरून काढायचा, खाली ठेवायचा नाही. काचेचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं. प्रत्येक फ्लास्कवर काळी रेघ होती. पाणी रेघेखाली गेलं तर रेघेपर्यंत भरायचं. कपाटात निर्जंतुक पाण्याच्या बाटल्या होत्या, खालच्या कप्प्यात गाळलेलं समुद्राचं पाणी, वरच्या कप्प्यात डिस्टिल्ड वॉटर. कागदावर पंधरा सूचना होत्या. तो कागद किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेतून आलेला होता आणि तिथे वर्षानुवर्षं वापरात होता. रेघेपर्यंत कोणतं पाणी भरायचं ते त्यात नव्हतं, कारण किनाऱ्यावर महिनाभर ठेवूनही पाणी रेघेखाली जात नाही. मीही विचारलं नाही. समुद्रातल्या जिवाला समुद्राचंच पाणी द्यायचं, यात विचारण्यासारखं काय आहे असं मला वाटलं.

मे महिन्यातलं जळगाव तुम्ही पाहिलेलं नाही. आई तुम्हाला नेहमी डिसेंबरात आणते. सकाळी नऊला रस्ते ओस पडतात. ओला टॉवेल बादलीपासून दोरीपर्यंत नेईतो अर्धा वाळतो. खोलीत एसी होता, पण एसी हवेतला उरलासुरला ओलावाही ओढून घेतो. फ्लास्कमधलं पाणी रोज रेघेखाली जायचं आणि मी रोज ते खालच्या कप्प्यातल्या बाटलीतून रेघेपर्यंत भरायचे. कोणत्या फ्लास्कमध्ये किती, ते मोजून वहीत लिहायचे. मग प्रत्येक फ्लास्कचा फोटो काढून मुलीला पाठवायचे. तिचं उत्तर यायचं, "किती स्वच्छ ठेवलंय अक्का."

काच स्वच्छ असायची, कारण मी रोज पुसायचे. बोळ्याच्या खाली, काचेच्या गळ्याशी, रोज एक पांढरी कडा जमायची. स्पिरिटच्या बोळ्याने ती गोल पुसून काढली की काच लख्ख व्हायची.

नाना एक दिवस दारात उभे राहून बघत होते. "अक्का, हाई पांढरं काय शे?"

"मीठ आहे, नाना."

"रोज येस?"

"रोज येतं, म्हणून रोज पुसते."

"पुसानं ठीक शे," नाना म्हणाले. "पन येस कोठून?"

मला तो प्रश्न अडाणी वाटला. समुद्राचं पाणी आहे, मीठ असणारच, असं मी सांगितलं. नाना मान हलवून चहा ठेवायला गेले. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, ही गोष्ट मला शाळेपासून माहीत होती. कैऱ्या मिठाच्या पाण्यात मुरवते तेव्हा पाणी आटलं तर मी वरून साधं पाणी घालते, मिठाचं घालत नाही. घरात जे मी डोळे मिटून करते ते त्या खोलीत मला सुचलं नाही. मी प्रत्येक फ्लास्कमध्ये रोज मिठावर मीठ घालत होते आणि त्याची जी एकमेव खूण बाहेर येत होती ती पुसून टाकत होते.

सतराव्या दिवशी मला रंग फिका वाटला. पाणी सोनेरी असायचं, ते पातळ चहासारखं दिसत होतं. अठराव्या दिवशी आणखी फिकं. आता जे मी केलं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण त्यापेक्षा लाजिरवाणं मी काही केलेलं मला आठवत नाही. फोटो काढताना मी फ्लास्कच्या मागे तपकिरी रंगाची फाईल उभी केली. फोटोत रंग ठीक दिसला. मुलीचं उत्तर आलं, "मस्त." मी स्वतःला सांगितलं की उद्या सुधारेल. दोन दिवस मी असं केलं.

विसाव्या दिवशी फाईल उचलली आणि हात थांबला. मी फाईल खाली ठेवली, खुर्चीवर बसले आणि तिला फोन केला. फाईलसकट सगळं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मागून कुठल्यातरी यंत्राचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "अक्का, कोणत्या कप्प्यातलं पाणी घातलं?"

"खालच्या."

"रोज?"

"रोज."

मग, "किती घातलं ते लिहिलंय?"

"प्रत्येक फ्लास्कचं वेगळं. मिलीलिटरमध्ये."

"सगळ्या दिवसांचं?"

"सगळ्या."

"मग आता काही करू नका. काहीच घालू नका. मी येते." आणि फोन ठेवण्याआधी म्हणाली, "साधं पाणी तर मुळीच घालू नका अक्का, एकदम घातलं तर उरलेले फुटतील."

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने उतरून थेट विभागात आली. तिचे सूक्ष्मदर्शकाचे दहा दिवस बाकी होते, ते सोडून आली. सर आले. पेनाएवढ्या एका यंत्रावर फ्लास्कमधल्या पाण्याचा थेंब ठेवून त्यांनी खिडकीकडे धरून पाहिलं आणि खारटपणाचा आकडा वाचला. समुद्रापेक्षा दीडपटीहून जास्त. बाराही फ्लास्क थोड्याफार फरकाने तसेच. मुलीने प्रत्येकातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मला खुर्चीत बसवून तिने स्वतःच पाहिलं. नऊ फ्लास्क पाहून झाल्यावर ती म्हणाली, "डब्या आहेत. आत कुणी नाही." पुढच्या तिनांतही तसंच दिसलं.

नाना दाराशी होते. "बठ्ठं मरी गयं?"

"सगळेच मेले का, माहीत नाही, नाना."

"मी इचारेल व्हतं," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले. "पन मनाकडे पीएच.डी. नही शे."

"माझ्याकडेही नाही, नाना," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन मला पाणी आणून दिलं.

सरांना मी फाईलचंही सांगितलं. तिने सांगितलं असेल असं मला वाटलं होतं, पण तिने सांगितलेलं नव्हतं. सर ऐकून थोडा वेळ सूचनांचा तो कागद वाचत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, हा कागद मी स्वतः आणला, माझ्या शिक्षणाच्या काळात. तिथे पावसाळ्यात कपडे चार चार दिवस वाळत नाहीत. इथे पापड एका उन्हात होतो. इतक्या वर्षांत तो जळगावच्या हवेसाठी पुन्हा लिहावा असं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. दरवर्षी मे महिन्यात आमचे फ्लास्क थोडे मरतात. आम्ही म्हणायचो, उन्हाळा आहे." किल्ली मी टेबलावर ठेवली होती. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. "उद्या दहाला या. रोजची मोजमापं तुम्हीच करा."

मी किल्ली उचलली. आजही त्या किल्लीबद्दल त्यांचे आभार नीट मानलेले नाहीत. इथे लिहून ठेवते.

मग सर आणि मुलगी माझी वही घेऊन बसले. मुलीचा विचार साधा होता. खारटपणा ज्या वेगाने चढला त्याच वेगाने उतरवायचा. एकदम उतरवला तर पेशी पाणी शोषून फुटतात. वहीत रोजची वाढ होती, तीच उलट वाचायची. विसाव्या दिवसापासून पहिल्या दिवसाकडे. रोज प्रत्येक फ्लास्कमधून ठरावीक पाणी काढायचं आणि वरच्या कप्प्यातलं डिस्टिल्ड वॉटर तितकंच घालायचं. नाना त्याला बॅटरीचं पाणी म्हणायचे. त्यांच्या मते हे डायाटम आता ट्रॅक्टरसारखे चालू होणार होते.

तीन आठवडे आम्ही तेच केलं. सकाळी दहाला पाणी काढायचं, घालायचं, मोजायचं. पांढऱ्या कडेला मी हात लावला नाही. साडेदहाला मुलगी प्रत्येक फ्लास्कचा थेंब बघायची. रोज रिकाम्या डब्या. तिच्या घरून फोन यायचे. वडिलांना तिने काही सांगितलं नव्हतं. एकदा मी जवळच होते तेव्हा ती फोनवर म्हणाली, "हो बाबा, काम चालू आहे. घाई नका करू." फोन ठेवून मला म्हणाली, "खोटं नाही बोलले ना? चालू तर आहे."

मी विचारलं, यातलं काहीच जगलं नाही तर?

"तर तीन वर्षांचे आकडे आहेत, जीव नाही," ती म्हणाली. "आकड्यांवर डिग्री कदाचित मिळेल. पण त्या बायकांना काय देणार? कालवं आकडे खात नाहीत."

त्या काळात मी एकदाही माफी मागितली नाही, आणि तिने एकदाही ती मागायची वेळ आणली नाही. ती मला कामं सांगत राहिली. अक्का, ही लेबलं बदला. अक्का, सात नंबर आधी घ्या. चूक केलेल्या माणसाला काम देत राहणं हा केवढा मोठा आधार आहे, ते मी पंचवीस वर्षांच्या मुलीकडून सत्तरीत शिकले.

खारटपणा उतरवायला लागल्यापासून तेविसाव्या दिवशी ती सातव्या फ्लास्कचा थेंब बघत होती. बराच वेळ बघत होती. मग उठली, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, "तुम्ही बघा."

मी चष्मा काढून डोळा लावला. काचेच्या रिकाम्या डब्या, एकावर एक. त्यांच्यामध्ये एक सोनेरी होती, दोन्ही टोकांना निमुळती. हलत नव्हती. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "थांबा." मी थांबले. मग ती सोनेरी डबी सावकाश पुढे सरकली, थांबली, आणि आली तशी मागे गेली. या जातीचे डायाटम असेच चालतात. मेलेले चालत नाहीत.

नानांनी माझ्यानंतर पाहिलं. "येडं शे," ते म्हणाले. "पुढं जास, माघारी येस." आणि तरी डोळा काढेनात. शेवटी मुलीने त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं. दुपारी सरांसाठी तो थेंब तसाच ठेवला होता. ते आले, बघितलं आणि म्हणाले, "खाडीतला आहे म्हणून तगला. खाडीचा चिखल ओहोटीला उन्हात तापतो, वाळतो, मीठ चढतं. याला ते ठाऊक आहे. उघड्या समुद्रातला असता तर गेला असता." मग ते मुलीला हळूच म्हणाले, "जेवून घे आता."

आठवड्याने अकराव्या फ्लास्कमध्येही तीन-चार हलताना दिसले. बाकीचे दहा आम्ही ओतून दिले.

नंतरचं थोडक्यात सांगते. दोन फ्लास्कमधल्या त्या मूठभर पेशींपासून मुलीने पुन्हा वाढ केली. पहिल्याइतकी व्हायला दिवाळी आली. वडिलांनी चार वर्षांवर एक वर्ष वाढवून दिलं. त्यासाठी सर स्वतः रावेरला जाऊन आले आणि येताना केळीचा घड घेऊन आले. सूचनांचा कागद आम्ही नव्याने लिहिला. त्यात कोणतं पाणी कधी घालायचं, मे महिन्यात काय करायचं, काचेवर मीठ दिसलं तर त्याची नोंद करून मगच पुसायचं, असं सगळं आहे. आपल्यासारख्याच कोरड्या गावांतल्या दोन-तीन प्रयोगशाळांनी तो मागून घेतला. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो कागद का लिहावा लागला ते मी विसरत नाही.

तिची तोंडी परीक्षा झाली तेव्हा मी मागच्या रांगेत होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की मूळ जागा बुजली असताना वाढ मध्येच दहा फ्लास्कनी का घटली. ती म्हणाली, "आमच्या हवेचा विचार आम्ही केला नव्हता." सगळं खरं होतं आणि माझं नाव त्यात नव्हतं. प्रबंधाचं सगळं इंग्रजी मी तपासलं, फक्त आभाराचं पान तिने मला दाखवलं नाही. छापून आल्यावर वाचलं. तिने वहीबद्दल लिहिलं होतं.

ती आता किनाऱ्याजवळच्या एका कॉलेजात शिकवते. लग्नही झालं, तिच्या वेळापत्रकाप्रमाणे. विभागातून आता दर महिन्याला लहान बाटल्या रेल्वेने खाडीकाठी जातात. कालवं पाळणाऱ्या बायका त्यातून आपापल्या टाक्यांत खाद्य वाढवतात. चिखलात सरकायला शिकवणारी ती कोळीण त्या गटात आहे. तिने सरांना फोन करून विचारलं होतं की बाटलीवर जळगावचा पत्ता कसा, चुकून तर नाही ना लिहिला. पिल्लं जगू लागल्यापासून ती पत्ता विचारत नाही, बाटली कधी येणार ते विचारते.

ज्यांनी मला माझ्या रिकाम्या दिवसांतून बाहेर काढलं, शिकवलं, माझी चूक आपल्यात वाटून घेतली आणि पुन्हा विश्वास ठेवला, त्या सरांची, मुलीची आणि नानांची मी ऋणी आहे. तुम्हाला कुणी विचारलं की तुमची आजी काय करायची, तर सांगा की ती पाणी मोजायची.

खाडीचा तो तुकडा आता रस्त्याखाली आहे. त्यातले डायाटम जळगावला आहेत. सातव्या आणि अकराव्या फ्लास्कपासून वाढवलेल्या पेशी विद्यापीठात तिसऱ्या खोलीत आहेत, एक जोड शेजारच्या इमारतीतल्या थंड कपाटात आहे, आणि एक जोड त्या मुलीच्या कॉलेजात आहे. तिन्ही ठिकाणी त्या जिवंत आहेत.

तुमची,
आजी